सुसाट ओळी

ऑफिसातल्या जुन्या संगणकाच्या काळ्या पडद्यावर त्याच्या कामाच्या नोंदींच्या ओळी रखडत वर सरकायच्या. मला ते बघवत नसे. म्हणून आज तीन तास पडदा चालवणाऱ्या डिस्प्ले ड्रायव्हरच्या सेटिंग्ज बदलत बसलो. शेवटी ओळी सुसाट पळू लागल्या आणि मी स्वतःवर जाम खूश झालो.

शेजारच्या टेबलावरच्या शिंदेबाई रोज याच ओळी वाचून चुका वहीत टिपतात. पडद्याकडे बघत त्यांनी विचारलं, "यातलं तुम्हाला काही वाचता येतंय का हो?"

एकही अक्षर वाचता येत नव्हतं. माझी मलाच शिसारी आली. कसली ही हाव! गाडीत बसून गोष्टी दुप्पट वेगाने ऐकायच्या, समोरचा बोलत असताना "मुद्द्याचं बोला" म्हणायचं, आणि उरलेल्या वेळात आणखी काहीतरी पळवायचं. शी!

सेटिंग्ज पूर्वीसारख्या केल्या. रखडत वर आलेल्या एका ओळीत लिहिलं होतं, डिस्क खराब होत चालली आहे.

"बाई, हे कधीपासून येतंय?"

त्यांनी वहीचं पान माझ्यापुढे धरलं. "महिना झाला. दोनदा सांगायला आले होते. तुम्ही म्हणालात, मुद्द्याचं बोला."