काचेच्या घराची भिंत

२०१४च्या मे महिन्यात ओमानमधल्या रुस्ताकबाहेरच्या एका नव्या घराच्या काचेवर घरमालकाच्या आईचं कपाळ आपटलं. टाके पडले नाहीत. टेंगूळ आलं.

घर पोलाद आणि काचेचं होतं. मालक इंग्लंडमध्ये शिकत असताना त्याने एका खेड्यात साठच्या दशकातलं तसं घर पाहिलं होतं. तिथली काच मिळेल तेवढं ऊन आत घेण्यासाठी होती. रुस्ताकमध्ये उन्हाची टंचाई नव्हती. मालकाने एसी वाढवले.

काचकामाचा फोरमन माझा मावसभाऊ, कुडाळकडचा. मी मस्कतमध्ये एका वर्तमानपत्रात बातम्या तपासायचो. आम्ही एकाच खोलीत राहत होतो. दादाची बायको आणि मुलगी गावी होत्या, नऊ वर्षं. घरमालकच दादाचा अर्बाब, म्हणजे ज्याच्या व्हिसावर तो काम करायचा तो मालक. आई नव्या घरात राहायला आली की तुला सुपरवायझर करतो, मग बायको-मुलीचा व्हिसा निघेल, असा शब्द त्याने दिला होता.

नव्या काचेवर कोणी धडकू नये म्हणून फिटर पांढऱ्या टेपची फुली मारतात. घर ताब्यात देईपर्यंत ती काढत नाहीत. आई घर बघायला येणार त्या शुक्रवारी दादाने सगळ्या फुल्या काढल्या आणि व्हिनेगर लावून आमच्या वर्तमानपत्राच्या जुन्या अंकांनी काच पुसली. अंक मीच नेऊन दिले होते, त्यामुळे पुढचं समोर पाहिलं.

"दादा, दोन फुल्या तरी ठेव," मी म्हणालो.

"दिसली तर ती काच कसली रे? तुका काय कळता त्यातला?"

आई अंगणातून सरळ बैठकीत निघाली आणि काचेवर आदळली. खुर्चीवर बसून, कपाळाला बर्फ लावून ती अरबीत बोलली. मालकाने आम्हाला हिंदीत सांगितलं, "अम्मा बोलती है, जिधर दीवार चाहिए उधर नहीं, जिधर नहीं चाहिए उधर है."

तेवढ्यात रस्त्यावरून जाणाऱ्या शेजाऱ्याने पिकअपमधून घरातल्यांना हात केला. आईने मुलाला आणखी एक प्रश्न विचारला. मालक म्हणाला, "पूछती है, वो भी इधर रहेगा क्या?"

परतताना दादा गाडीत एवढंच म्हणाला, "खलास. माझो व्हिसा त्या टेंगळात गेलो."

मालकाने काच बदलली नाही. घराभोवती काचेपेक्षा उंच, सिमेंटच्या ब्लॉकची भिंत घातली. रस्त्यावरून घर दिसेनासं झालं. आतून भिंत स्वच्छ दिसायची. फुल्या दादाने आईच्या उंचीवर पुन्हा मारल्या.

ऑगस्टमध्ये आई राहायला आली. सप्टेंबरमध्ये मालकाने दादाच्या सुपरवायझरच्या पत्रावर सही केली. ऑक्टोबरमध्ये वहिनी आणि मुलगी मस्कतला उतरल्या. त्याच आठवड्यात मी मस्कतमधल्याच रुवी भागात दुसऱ्या खोलीत राहायला गेलो.