तीन वर्षांपूर्वीची काच

भाचरं तिला भिंगआत्या म्हणत. सव्वीस वर्षं तिचा दिवस इस्पितळाच्या तळमजल्यावर, सूक्ष्मदर्शकाला डोळे लावून गेला होता. वरच्या दवाखान्यातल्या नर्सबाई बायकांच्या गर्भाशयाच्या मुखावरून छोट्या ब्रशने पेशी घेत, काचेच्या पट्टीवर पसरत. रंगवून झाल्या की त्या काचा हिच्या टेबलावर येत. एकेका काचेवर हजारो पेशी. त्यात एखादी बिघडलेली दिसलीच तर शाईचा ठिपका देऊन काच डॉक्टरांकडे पाठवायची, नाहीतर ‘ठीक’ लिहून सही करायची.

“दिवसभर बघतेस तरी काय?” नवरा विचारायचा.

“तांदूळ निवडते,” ती म्हणायची. “फक्त खडा सापडू नये अशी इच्छा असते.”

एका सोमवारी एक काच लावली आणि तिला शोधावंच लागलं नाही. पेशींची केंद्रं फुगलेली, काळपट, कडा वेड्यावाकड्या. अशा वेळी त्या बाईची जुनी काच कपाटातून काढून ताडून बघायची पद्धत होती. जुनी काच तीन वर्षांपूर्वीची निघाली. शेरा ‘ठीक’. सही हिचीच.

तिने ती लावली आणि कडेकडेने सरकवत नेली. एका कोपऱ्यात, रक्ताच्या डागाआड, तशाच आठ-दहा पेशींचा घोळका होता. खोलीत दुसरं कुणी नव्हतं. काच परत कपाटात गेली असती तर कुणाला पत्ता लागला नसता, हेही तिच्या मनात येऊन गेलं. मग दोन्ही काचा घेऊन ती जिना चढली.

डॉक्टरांनी बराच वेळ बघितलं. “अवघड जागा आहे. माझ्याही नजरेतून सुटल्या असत्या कदाचित.”

“तुमच्यापर्यंत आल्याच नाहीत ना, सर. मीच अडवल्या.”

तीन वर्षांपूर्वी, ती काच आली तेव्हा, शेजारच्या टेबलावर काचा बघणारी सोबतीण पंधरा दिवस रजेवर होती आणि हिने रोज साठऐवजी नव्वद काचा काढल्या होत्या. त्याचं तेव्हा कौतुकही झालं होतं. आता तिला त्या पंधरा दिवसांची धास्ती वाटू लागली. “ते सगळे दिवस मी पुन्हा बघते,” ती म्हणाली. डॉक्टरांनी मान डोलावली.

ती रोज कामाआधी तासभर येऊ लागली. एका तासात बारा काचा, जास्त नाही. नवऱ्याने सकाळच्या डब्यांचं काम न बोलता अंगावर घेतलं, फक्त एकदा म्हणाला, “तुला कुणी सांगितलं नव्हतं हे.”

“म्हणून तर मलाच करायला हवं.”

पाच महिने लागले. तेराशेच्या वर काचा झाल्या आणि आणखी एकच सापडली, एका शिवणकाम करणाऱ्या बाईची. ती नंतर तपासणीला फिरकलीच नव्हती. नर्सबाईंनी फोनवर फोन करून तिला बोलावलं. बिघाड अजून वरवरचाच होता, एका दुपारच्या उपचारात काम भागलं.

पहिल्या बाईचं मात्र मोठं ऑपरेशन झालं. चूक कशी झाली हे इस्पितळाने तिला लेखी कळवलं होतं. बरी झाल्यावर ती स्वतः तळमजल्यावर आली. पन्नाशीची, पोस्टात नोकरी करणारी.

“मला बघायचंय.”

भिंगआत्याने ती जुनी काच लावून दिली, खुर्ची सोडली. बाई वाकून बघत राहिली.

“ह्या एवढ्याशा?”

“हो.”

“तेव्हा दिसल्या असत्या तर पोट फाडावं लागलं नसतं?”

“बहुतेक नसतं लागलं.” सॉरी म्हणायचं तिने घोकून ठेवलं होतं, तेही म्हणाली. ते किती तोकडं आहे हे बोलतानाच तिला जाणवलं.

बाई रडली नाही, ओरडली नाही. पर्स उचलली आणि दारात थांबली. “यापुढे माझी काच तुम्ही बघायची नाही.”

“नाही बघणार.”

डॉक्टरांकडून तिने दिवसाला साठाच्या वर काचा कुणालाच द्यायच्या नाहीत असा लेखी नियम करून घेतला. न बघितलेल्या काचांची थप्पी साचली, तक्रारी आल्या, पण नियम टिकला. आणि दर सहा महिन्यांनी पोस्टातल्या बाईंची ऑपरेशननंतरच्या तपासणीची काच आली, की ती क्रमांक वाचून सोबतिणीच्या ट्रेमध्ये ठेवायची. निकाल काय आला हे मात्र तिने न चुकता विचारलं. निवृत्त होईपर्यंत तो दर वेळी ‘ठीक’ आला.