न जुळवलेलं घड्याळ

हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही. गांधीबागेतल्या दोन सख्ख्या भावांचं घर माझ्यामुळे फुटलं, आणि त्यांना ते ठाऊक नाही.

मी सरकारी सायबर शाखेत आहे. फायबरमधून जाणाऱ्या इंटरनेटच्या रहदारीवर नजर ठेवायची, हे काम. कोण काय लिहितं ते मला दिसत नाही; कुठून कुठे गेलं, किती वाजता, एवढंच. एकच इंटरनेट पत्ता दिवसभरात बऱ्याच घरांच्या वाट्याला येतो, म्हणून वेळ चुकली की घर चुकतं. आमच्या एका यंत्राचं घड्याळ मागे पडायचं. अहवाल पाठवण्याआधी ते जुळवायचं, हा नियम. त्या दुपारी एका कार्यालयाला धमकीचा मेल आला होता, साहेब डोक्यावर उभे होते. मी न जुळवताच 'घड्याळ जुळवले' असं लिहून सही ठोकली.

पोलीस त्या भावांकडे गेले. फोन, कम्प्युटर उचलून नेले. दुसऱ्या दिवशी मी घड्याळ जुळवलं, तर घर भलतंच निघालं. साहेब म्हणाले, "सुधारित पाठव. गवगवा नको." खरा माणूस सापडला. भावांना सामान परत मिळालं. मेल त्यांच्या घरून गेलाच नव्हता, हे मात्र त्यांना कुणी सांगितलं नाही. आमच्याकडे तशी पद्धतच नाही.

त्यांचं कापडाचं दुकान आहे. मला राहवेना, काहीबाही घ्यायच्या निमित्तानं जाऊ लागलो.

"काय साहेब, परत टॉवेल? घरी सलून उघडून राहिले काय?" थोरला हसला.

"धाकटे दिसत नाहीत?"

"त्याचं नाव नका काढू. वेगळा झाला तो. त्याच्यापायी पोलीस आले घरात. माय रडून राहिली, अन् हा पठ्ठ्या कबूलच करत नाही."

"त्यांनी केलंच नसेल तर?"

"मंग कोनं केलं? म्या? एकच कनेक्शन, चालवणारे दोघंच. तो तर माझंच नाव सांगत फिरून राहिला!"

मी तोंड उघडलंही. मग नोकरी आठवली, गुप्ततेची शपथ आठवली. खरं सांगायचं तर घाबरलो. टॉवेल काखेत मारून बाहेर पडलो. गाडीची किल्ली सापडेना, ती हातातच होती.

आता कपाटात टॉवेल मावत नाहीत. बायको विचारते, मी म्हणतो, स्वस्त मिळाले.

त्या दोघांना समोरासमोर बसवून मला सांगायचं आहे की तुमच्यापैकी कुणीच काही केलं नव्हतं, चूक माझी होती. एवढं मी त्यांचं देणं लागतो, आणि ते अजून दिलेलं नाही.