विल्माताई उत्तरेला गेली

ऑस्ट्रेलियातल्या डार्विन शहरातल्या आमच्या वॉर्डात कोणी पेशंटला सोडून त्याच्या मुलाशीच बोलू लागलं, की विल्माताई भर राउंडमध्ये डॉक्टरलाही थांबवायची. "आधी त्यांना विचारा. कान आहेत त्यांना!" वसईची बाई, उभा जन्म नर्सिंगमध्ये गेलेला. मी पुण्याहून नवीन आले तेव्हा पहिल्याच शिफ्टला हे मलाही ऐकावं लागलं होतं.

रिटायर झाल्यावर तिला थंडी बघायची होती. "इथे घाम पुसून पुसून हात झिजले गो," म्हणायची. नॉर्वेमधलं ट्रॉम्सो तिनेच शोधलं. तिथे मुक्काम ठेवायचा आणि तिथून आणखी उत्तरेला जाऊन यायचं, असा तिचा बेत. बोटींच्या वेळासुद्धा तिच्या वहीत उतरवलेल्या. मी सोबत निघाले. माझा चुलतभाऊ सुहास सिडनीहून सहा मित्रांना घेऊन सामील झाला, आणि बघता बघता ट्रिप त्याचीच झाली.

पहिल्याच सकाळी दारात व्हॅन आली. सीट आठ, आम्ही नऊ.

"काकू, तुम्ही रूमवरच आराम करा," सुहास म्हणाला. "बाहेर घसरडं आहे. आम्ही येईपर्यंत गरम भात लावून ठेवा. नो वरीज!"

विल्माताईने त्याच्याकडे पाहिलंच नाही. माझ्याकडे पाहिलं. ही ट्रिप तिची आहे, एवढं एक वाक्य मला बोलायचं होतं. मी हातमोजे चढवले आणि व्हॅनमध्ये जाऊन बसले. आज हे लिहितानाही माझ्या अंगाचा तिळपापड होतो. सुहासवर होतो त्याहून जास्त माझ्यावर.

आम्ही परतलो तेव्हा ती बॅगेची चेन लावत होती.

"कुठे निघालीस?"

"किर्केनेसला. पार टोकाला. साडेसहाची बोट आहे."

"थांब, मीही येते."

"तिकीट एकाचंच काढलंय." दारात थांबून ती म्हणाली, "सुहास मला ओळखत नाही. तू ओळखतेस."

पाचव्या दिवशी सकाळी ती नाश्त्याच्या टेबलावर हजर. वाऱ्याने गाल सोललेले, डोळे लखलखीत.

"काकू, न विचारता गेलात! आम्हाला केवढं टेन्शन!" सुहास म्हणाला.

"टेन्शन माझं होतं की भाताचं?" तिने ब्रेडला लोणी लावायला घेतलं.

डार्विनला परतल्यावर मी तिची माफी मागितली. "सॉरी कशाला पाहिजे मला? पुढच्या वेळी तोंड उघड," एवढंच म्हणाली, आणि चहा टाकायला आत गेली.

गेल्या वर्षी ती स्ट्रोकने गेली. ट्रिपच्या ग्रुपवर सुहासने लिहिलं, 'किती स्वीट होत्या आपल्या काकू, सदा हसतमुख.' माझं डोकं सणकलं. विल्माताई स्वीट नव्हती. तापट होती, आणि तिचं तापणं रास्त होतं. मी लिहिलं, 'त्या सकाळी आपण तिला तिच्याच ट्रिपमधून उतरवलं. तू उतरवलंस, आणि मी गप्प बसले.'

सातही जणांनी वाचलं. सुहासने ग्रुप सोडला.