रेमो झानोलीचा बारावा थांबा

ब्यूटमध्ये जन्मलेला माणूस वाटसरूला रस्ता सांगू लागला की जे उरलेले नाही त्याच्याच खुणा सांगतो. जळालेल्या शाळेपाशी उजवीकडे वळा, फिनलंडवाल्यांचे स्नानगृह होते तिथून खाली उतरा, असे तो निःशंकपणे सांगतो. आणि ऐकणाराही ब्यूटचाच असेल तर तितक्याच निःशंकपणे पोचतो. तांब्याच्या खाणींवर वाढलेल्या आणि त्याच खाणींनी पोखरलेल्या या डोंगरमाथ्यावरच्या शहरात दृश्यापेक्षा अदृश्यच अधिक स्थिर असते, हे येथील रहिवाशांना कोणी शिकवावे लागत नाही.

रेमिजिओ झानोली याच रीतीत वाढला. सारे त्याला रेमो म्हणत. चाळीस वर्षे अवजड वाहने हाकून तो निवृत्त झाला, तेव्हा शहराच्या वारसा मंडळाने त्याच्यावर एक काम सोपवले. बाहेरगावच्या पाहुण्यांनी वाटाड्यावाचून, आपापली गाडी चालवत जुनी स्थळे पाहावीत, यासाठी त्याने एक मार्गपुस्तिका लिहावी. रेमोने हिवाळाभर खपून एकवीस थांबे लिहिले: न्यायालय, खाणींच्या तोंडावरचे लोखंडी मनोरे, सर्बियन लोकांचे चर्च, खाणकामगारांची तिमजली खानावळ. बाराव्या क्रमांकावर त्याने मीडरविल लिहिले.

मीडरविल ही इटालियन लोकांची वस्ती. रेमोचा जन्म तिथला. तीस वर्षांपूर्वी उघड्या खाणीचा खड्डा रुंदावत आला आणि ती वस्ती घरादारांसह त्यात गेली. पुढे खाणही बंद पडली आणि खड्ड्यात पाणी साचले.

मंडळाची अध्यक्ष लोरेटा मॅकगिल ही रेमोची शाळासोबतीण. तिने लाल पेन्सिलीने बाराव्या थांब्यावर फुली मारली.

"रेमो, इथं बघायचं काय? तारेचं कुंपण?"

"मीडरविल."

"अरे, मीडरविल मलाही आठवतं. तुझ्या आईनं पोट फुटेस्तोवर जेवू घातलंय मला तिथं. पण ओहायोहून आलेला माणूस त्या कुंपणाकडे बघून काय करणार? जांभया देणार."

"तुम्हा आयरिश लोकांचे सहा थांबे आहेत त्यात. एक तर नुसता दारूचा गुत्ता आहे."

"तो उभा आहे ना अजून."

"गुत्ता उभा आहे. आतले सगळे आडवे."

लोरेटा हसली, पण फुली पुसली नाही. अखेर तिनेच तोड काढली. मंडळात नुकतीच रुजू झालेली डेनीस स्पोकेनहून आली होती. तिला या शहराचा एकही कोपरा ठाऊक नव्हता. "ती तुझा कागद वाचत गाडी चालवेल. तू मागे बसायचं, तोंड शिवून. बाराव्या थांब्यावर तिला काही दिसलं तर थांबा राहील. नाही दिसलं तर वीसच छापायचे."

रेमो कबूल झाला. त्या एका परिच्छेदासाठीच त्याने उरलेले वीस लिहिले होते, हे त्याने कोणाजवळ बोलून दाखवले नव्हते.

त्याच्या वडिलांची फुप्फुसे खाणीच्या धुळीने दगड झाली होती. अंथरुणावरून त्यांनी मुलाकडून वचन घेतले की तू जमिनीखाली पाऊल टाकणार नाहीस. रेमोने ते अक्षरशः पाळले. उघडी खाण सुरू झाली तेव्हा त्याला ती वरदानासारखी वाटली, कारण तिथे वर आकाश होते. तो खडक वाहून नेणाऱ्या प्रचंड ट्रकवर चालक झाला. पितृवचनाचे पालन आणि मातृगृहाचा विध्वंस एकाच चाकावर, एकाच हाताने घडावा, ही नियतीची गती त्याला फार उशिरा उमगली. आई तेव्हा शहराच्या वरच्या भागातल्या दोन खोल्यांत राहायला आली होती. तो संध्याकाळी घरी आला की ती मक्याच्या पिठाचा पोलेंटा ढवळता ढवळता, त्याच्याकडे न पाहता विचारी, "आज कुठली गल्ली?" तो म्हणे, "नुसता दगड होता, आई."

जूनमधल्या एका स्वच्छ सकाळी डेनीसची गाडी निघाली. दुसऱ्या थांब्यानंतरच ती अडली.

"झानोलीकाका, 'ग्विदीच्या दुकानापाशी डावीकडे' म्हणजे कुठं? मला एकही दुकान दिसत नाही."

रेमोने ओठ मिटून घेतले. डेनीसने गाडी कडेला घेतली आणि ओसरीवर बटाटे सोलत बसलेल्या एका वृद्धेला विचारले.

"ग्विदीचं होय? ते तर केव्हाच पाडलं," ती म्हणाली. "सोपं आहे गं. शाळेच्या अलीकडे."

"शाळा कुठं आहे?"

"ती जळाली नाही का, बाळ." मग मागच्या काचेत डोकावून ती म्हणाली, "रेमो, तू मागे मुक्यासारखा का बसलायस? बोल ना पोरीशी. पाहुणी आहे."

तिसऱ्यांदा त्याच चौकात परतल्यावर डेनीसला हसू फुटले. रेमोला मात्र लाज वाटली. ज्यांना वाट ठाऊक आहे त्यांच्यासाठीच आपण वाट लिहिली, हे त्याला कळले. त्याने कागद मागून घेतला, गुडघ्यावर ठेवला, आणि ग्विदी, शाळा, स्नानगृह अशी एकेक खूण खोडून तिथे मैलाचे दशांश लिहू लागला. डेनीस गाडीच्या मैलमापकावरचा आकडा वाचून सांगे, तो टिपून घेई. खोडताना प्रत्येक नावापाशी त्याची पेन्सिल क्षणभर थबके.

बाराव्या थांब्याला रस्ताच संपत होता. कुंपणापलीकडे खोल खड्डा, त्याच्या कडांना पायऱ्यांसारखे कापलेले खडक, आणि तळाशी गंजाच्या रंगाचे निश्चल पाणी. डेनीसने कागद घेऊन परिच्छेद मोठ्याने वाचला:

"'डावीकडे बर्तोलीची पावभट्टी. उजवीकडे झानोलींचे घर, त्याखाली तळघर. ऑक्टोबरात कॅलिफोर्नियाहून वाइनसाठी द्राक्षांनी भरलेल्या रेल्वेच्या वाघिणी येत, तेव्हा सारी गल्ली जांभळी होई.'"

तिने डावीकडे पाहिले, मग उजवीकडे.

"काका, मी लोरेटाबाईंना खोटं सांगू शकते. दिसलं म्हणून."

"नको. तुला दिसलं नाही. मलाही आता कष्टानंच दिसतं." मग तो हळू आवाजात म्हणाला, "आमचं तळघर मीच उचललंय. एके दिवशी माझ्या ट्रकमध्ये पडलेली माती जांभळट होती, आणि तिच्यात पिंपाचं एक लोखंडी कडं. आईनं त्या संध्याकाळी विचारलं, तेव्हाही मी दगडच म्हणालो."

 डेनीसने साधेपणाने विचारले, "मग ती माती टाकलीत कुठं?"

रेमोने तिच्याकडे पाहिले. तीस वर्षे तो या कुंपणापाशी येऊन खाली, त्या पोकळीकडे पाहत आला होता. जिथून नेले तेच त्याने स्मरले. जिथे ठेवले ते त्याच्या मनातच आले नाही. त्याने सावकाश मान वळवली. खड्ड्याच्या पूर्वेला, खाणीतून काढलेल्या निकामी मातीची, पायऱ्यापायऱ्यांनी रचलेली भली थोरली टेकडी उभी होती. तिच्यावर विरळ गवत उगवले होते.

"तिथं," तो म्हणाला. "खालून तिसरी पायरी. त्या आठवड्यात आम्ही ट्रक तिथंच रिकामे करत होतो."

डेनीसने गाडी मागे घेतली आणि वळसा घालून टेकडीच्या पायथ्याशी नेली. आकडा वाचून तिने सांगितले, "एक मैल आणि सात दशांश."

रेमोने कागद परत घेऊन तो आकडा लिहिला. लोरेटाची लाल फुली त्याने खोडली नाही. तिच्या शेजारी फक्त नवे वाक्य लिहिले: उजवीकडची टेकडी पाहा. मीडरविल हे आहे. पेन्सिल खिशात ठेवून त्याने काच खाली केली. वाऱ्याबरोबर कोरड्या मातीचा वास आत आला, आणि त्यात पावाचा किंवा द्राक्षांचा लवलेशही नव्हता. तरी तो श्वास लांबवून घेत राहिला.

"दिसतंय," डेनीस म्हणाली. "लोरेटाबाईंना मी तसं सांगणार. आता तेरावा?"

"हो, हो. निघूच."

"इंजिन बंद करू का तोवर?"

"नको, चालू राहू दे," रेमो म्हणाला. "आत्ता निघतोच आहोत."

ऊन टेकडीच्या तिसऱ्या पायरीवर चढेपर्यंत गाडी तिथेच उभी होती.