बंद पेटीचा हाडवैरी

माझ्या थोरल्या मेहुण्यांइतका बंद पेटीचा हाडवैरी अख्ख्या सिंधुदुर्गात दुसरा नसेल. ज्या वस्तूवर ‘उघडू नये’ असं लिहिलेलं असे, तिच्याकडे ते मांजरानं बांगड्याकडे बघावं तसे बघत. आम्ही वेंगुर्ल्यात नवा टीव्ही घेतला तेव्हा हे बघायला आले, आणि माझ्या बायकोनं, म्हणजे त्यांच्या बहिणीनं, चहा आणेपर्यंत टीव्हीची पाठ जमिनीवर होती. मी गॅरंटीचं नाव काढलं, तर स्क्रू दातांत धरून म्हणाले, “भावोजी, जा उघडूक येणा नाय, ता आपला नाय.” टीव्ही पुढे उत्तम चालला. एक स्क्रू तेवढा उरला, तो बायकोनं देवघरात ठेवला.

हे वेड नुसत्या हौसेचं नव्हतं. वीस वर्षं ते जहाजांवर वायरलेस ऑफिसर होते. शतक संपता संपता जहाजांवर उपग्रहाशी बोलणारी सीलबंद पेटी आली आणि यांना घरी पाठवण्यात आलं. जाताना त्यांनी एकच विनंती केली, ही पेटी आतून एकदा दाखवा. “आता तुम्हाला त्याची गरज नाही,” असं उत्तर मिळालं. ते वाक्य ते जेवताना, आंघोळीला जाताना, काजूच्या झाडाखाली उभे असताना मध्येच मोठ्यानं म्हणत.

गावी आल्यावर मुंबईच्या कचेऱ्यांनी टाकून दिलेले कम्प्युटर ते एस.टी.च्या टपावरून आणू लागले. एका मासिकाबरोबर फुकट आलेल्या सीडीवरून त्यांत त्यांनी लिनक्स घातलं. याला कुणी मालक नाही, कुणीही उघडावं, बदलावं, दुसऱ्याला द्यावं, हे वाचल्यावर दोन दिवस गावभर सांगत फिरले. मुलाच्या जन्माची आठवण काढून वहिनी म्हणाल्या, “झील झालो तेवा पण ह्येनी इतक्या लोकांक सांगूक नाय.”

मी शिकवत होतो त्या हायस्कुलात त्यांनी असल्या आठ मशीनींची खोली थाटली. पडद्यावरचे शब्दही त्यांनी मालवणीत केले. फाईल सापडली नाही, तर ‘फाईल गावणा नाय’. पुसण्याआधी मशीन विचारी, ‘नक्की मां?’ शनिवारी ते नववीच्या मुलींना एकेक मशीन सुटं करायला लावत. एका मासेवालीच्या मुलीनं मेमरीची पट्टी खोडरबरानं घासून मेलेलं मशीन चालू केलं, त्या दिवशी मेहुणे वर्गातच रडले.

मग एक कंपनी बारा नवे कोरे कम्प्युटर देणगी द्यायला आली. अट एवढीच, की खोलीत फक्त त्यांचीच प्रणाली चालेल आणि झाकण फक्त त्यांचाच माणूस उघडेल. शाळेच्या बैठकीत मेहुणे इस्त्रीचा शर्ट घालून आले आणि कचेरीतल्या मराठीत अडखळत म्हणाले, “आमच्या मुलींना हे आतून बघता येईल का?” कंपनीचा माणूस गोड हसला. “त्यांना त्याची गरजच पडणार नाही, सर.” मेहुण्यांचा चेहरा मी पाहिला. तरी हात वर करायची वेळ आली तेव्हा मीही केला. नव्या मशीनी चकचकीत होत्या, पालक खूश होते, आणि मला मुख्याध्यापक व्हायचं होतं.

जुन्या आठही मशीनी शाळेमागच्या लाकडांच्या खोपटात गेल्या. तीन वर्षांनी कंपनीची मुदत संपली. बाराही पडदे काळे होऊन परवान्याचा आकडा मागू लागले, दुसरी कुठली प्रणाली आत घेईनात, आणि कंपनीच्या नंबरवर कुणी फोन उचलेना. मी मुख्याध्यापक झालो होतो. मीच मेहुण्यांना बोलवायला गेलो.

ते आले. पाना-स्क्रूड्रायव्हर घेऊन आले. खोपटात बसून त्यांनी जुन्या मशीनींचं एकेक झाकण काढलं. आतून गंजाचा भुगा सांडत होता. आठवं झाकण त्यांनी परत बसवलं, प्रत्येक स्क्रू नीट आवळला आणि हात झटकले.

“कोणाचो दोष नाय, भावोजी. खारो वारो.”

एवढं बोलून ते घरी गेले.

आता ते माझ्याशी वाद घालत नाहीत. गणपतीत आम्ही जातो, तेव्हा स्वतः उठून पाट मांडतात, माझ्या ब्लडप्रेशरची चौकशी करतात, बहिणीच्या नवऱ्याचा मान म्हणून पहिलं पान माझं वाढतात. दोनदा मी मशीनींचा विषय काढला. दोन्ही वेळा ते म्हणाले, “भावोजी, सावकाश जेवा,” आणि भात वाढला. त्यांनी भर पंगतीत एकदा मला मनसोक्त शिव्या घालाव्यात, असं फार वाटतं. मी खाली मान घालून जेवत राहतो.