हळदीला डीजे नको, मामा आहे

गिटार वाजवणाऱ्यांबद्दल माझी काही मतं आहेत आणि ती येरमाळ्यात कुणालाही मान्य नाहीत. कळंबला नेली, तिथं कुणी घेतली नाहीत. भूमला नेली, तिथल्या लोकांनी आधी गिटार म्हणजे काय ते विचारलं. मला याचं वाईट वाटत नाही. उलट ज्या दिवशी माझं मत दुसऱ्याला पटतं, त्या दिवशी ते मत सोडून द्यावंसं वाटतं.

ज्यांचे फोटो पोरं टी-शर्टवर मिरवतात, त्या थोर गिटारवाल्यांना मी मोजत नाही. त्यातले निम्मे वारलेत आणि उरलेले जुनंच उगाळतायत. सोलो, म्हणजे एकट्यानंच वाजवत सुटणं, हा प्रकार मला ग्रामसभेत माईक मिळालेल्या माजी सरपंचासारखा वाटतो. थांबायचं कुठं ते त्याला कळत नाही आणि माईक काढून घ्यायची कुणाची छाती होत नाही. रील्सवरच्या गिटारवाल्यांचं तर बघायलाच नको. वाजवतात बोटांनी, पण तोंड असं करतात की दाढ ठणकतेय. आणि या सगळ्यांच्या खाली, पार तळाला, चार कॉर्डांवर, म्हणजे बोटांच्या चार ठरलेल्या पकडींवर, अख्खा हिंदी सिनेमा उरकणारी जमात. कॉलेजच्या गॅदरिंगमध्ये ही जमात हमखास सापडते. भजी तळताना झारा हलवावा तसा हात वर-खाली, वर-खाली. मी या लोकांना गिटारवाले म्हणत नाही. आचारी म्हणतो.

ही मतं ऐकवायला मला हक्काची एकच जागा होती : हायवेलगतचं माझ्या मित्राचं मोबाईल दुरुस्तीचं दुकान. तो डोळ्याला भिंग लावून कुणाच्या तरी फोनचं पोट फाडून बसलेला असे आणि मी बाकड्यावर. गिटार माझ्यासारखी त्याच्याकडंही होती. गिऱ्हाईक नसलं की तो ती काढून वाजवायचा, आणि वाजवायचा काय, तर तीच भजी. सगळी गाणी यायची त्याला. मी ऐकताना मुद्दाम हायवेकडं बघायचो.

आमचा कायमचा वाद म्हणजे आजच्या गिटारवाल्यांमध्ये अंडररेटेड कोण. परदेशी नावं दोघांनाही धड घेता येत नव्हती, म्हणून आम्ही आमचीच ठेवली होती. त्याचा लाडका होता 'बिनमुंडक्या', म्हणजे आठ तारांची, वर मुंडकंच नसलेली गिटार घेऊन अंगठ्यानं ठोकणारा एक पोरगा. माझा लाडका 'मिटक्या'. हा स्टुलावर डोळे मिटून बसतो, एक सूर वाजवतो आणि मग बराच वेळ काहीच वाजवत नाही. त्याचे व्हिडिओ फारसं कुणी बघत नाही. मला तो आवडण्याचं निम्मं कारण तेच होतं, हे मी कधी बोलून दाखवलं नाही.

"तुझा बिनमुंडक्या म्हंजे सोयाबीनचं मळणी यंत्र," मी म्हणायचो. "आवाज गावभर, धुरळा गावभर, आन पोत्यात पडतं पसाभर."

"आन तुझा मिटक्या म्हंजे बंद करायचा राहिल्याला नळ," तो भिंगातून वर न बघता म्हणायचा. "टिप. मग लई येळानं टिप."

"त्या दोन टिपांच्या मधी संगीत असतंय."

"आपल्या भागात नळाच्या दोन टिपांच्या मधी आठवडा असतोय. तेला कुणी संगीत म्हनत न्हाय."

एकदा या वादाच्या वेळी माझी भाची दुकानात बसली होती. लोहाऱ्याजवळच्या गावात दिलेल्या माझ्या थोरल्या बहिणीची ही मुलगी. आमच्याकडं पाहुणी आली होती, तेव्हा फोनची काच बदलून घेत होती. तिनं आमचं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "मामा, मला बी तुमचा मिटक्या आवडतो. निदान तो वाजवताना शेजारच्याचं बोलणं ऐकू येतं."

हे कौतुक होतं की काय होतं याचा मी विचार करायला हवा होता. केला नाही. मी मित्राकडं असं बघितलं, जसं काही जिल्हा परिषदेवर निवडून आलो.

पुढं तिचं लग्न ठरलं. मुलगा भूमकडचा. आणि घरात भांडण पेटलं ते हळदीच्या डीजेवरून. भाचीला डीजे नको होता. आदल्या साली चुलतभावाच्या हळदीत डीजेच्या दणक्यानं म्हैस दावं तोडून पळाली होती आणि हळद लागायच्या ऐवजी अर्धं गाव म्हैस हुडकत शिवारात फिरत होतं. भाची म्हणाली, "माझ्या हळदीत बायकांची गाणी मला ऐकायची हायत. डीजे लावला तर मी पाटावर बसणार न्हाय."

दाजी, म्हणजे तिचे वडील, पेटले. "बिनडीजेची हळद? लोक म्हनतील, पोरीचं लगीन लावतोय का दहावा घालतोय?"

"मामा वाजवणार हायत," ती म्हणाली. "गिटार."

दाजींनी माझ्याकडं बघितलं. गिटारबद्दल त्यांचं एकच मत होतं आणि ते त्यांनी पुन्हा सांगितलं. "ते उभ्यानं प्वाट खाजवायचं वाद्य?" पण पोरगी हटेना. शेवटी तोड निघाली ती अशी : डीजेचा टेम्पो फाट्यावर उभा राहील. बायका रमल्या तर तो तिथूनच माघारी जाईल. बायका उठून जायला लागल्या, की दाजी फोन लावतील, आणि मग भाचीनं मुकाट्यानं पाटावर बसायचं. तिनं सगळ्यांसमोर शब्द दिला. माझ्या भरवशावर. तिचं शिक्षण चांगलं झालं होतं, तरी असं केलं.

मित्र म्हणाला, "सगळ्याला येतात असली गाणी बसीव. पाच-सहा बास झाली. मी कॉर्ड लिहून देतो."

"आचाऱ्याचं काम मला सांगू नको," मी म्हणालो. "लोकांना चांगलं मिळत न्हाय म्हणून ते वाईट ऐकतात. एकदा मिळू दे."

हळदीच्या दिवशी, उन्हं कलल्यावर, भूमकडच्या बायका नवऱ्याची उष्टी हळद घेऊन आल्या. भाची पाटावर बसली. सवासण्या भोवती. मांडवाच्या कडेला प्लॅस्टिकच्या खुर्चीवर मी, शेजारी मांडववाल्याचा स्पीकर. मित्र येरमाळ्याहून मुद्दाम आला होता, समोरच बसला होता. मी डोळे मिटले. एक सूर वाजवला. आणि थांबलो.

मांडववाला धावत आला आणि माझ्या गिटारची वायर हलवायला लागला.

"हात लावू नका," मी डोळे न उघडता म्हणालो. दुसरा सूर वाजवला. थांबलो. आता त्यानं स्पीकरवर दोन थापा मारल्या. तिसऱ्या सुरानंतर कुणीतरी जनरेटरवाल्याला हाक मारली. एक म्हातारी शेजारणीला विचारत होती, "लाईट गेली का व्हय?" शेजारीण म्हणाली, "न्हाय वो, पंखा चालू हाय. गिटारवालाच बंद पडलाय."

मी डोळे उघडले. भूमकडच्या दोन बायका चपला हुडकत होत्या. दाजी मांडवाच्या दारात उभे राहून खिशातून फोन काढत होते, आणि त्यांच्या तोंडावरचं समाधान मी आयुष्यात विसरणार नाही. भाची हातांना हळद लागलेली तशीच पाटावरून वाकली आणि हळूच म्हणाली, "मामा, मिटक्या ऱ्हाऊ द्या. ते गॅदरिंगला वाजवतात ते वाजवा की. सगळ्यास्नी येतंय ते."

आणि इथं माझ्या लक्षात आलं, की मला ते येत नव्हतं.

ज्या गाण्यांना मी वर्षानुवर्षं भजी म्हणत होतो, त्यातलं एकही मी कधी वाजवून बघितलं नव्हतं. चार कॉर्ड. शेजारच्या गावातला आठवीतला पोरगा वाजवतो. मला ते कोणते चार आणि कुठल्या क्रमानं, याचा पत्ता नव्हता. मी अंदाजानं सुरू केलं. समोरून मित्र ओरडायला लागला, "जी! आता सी! सी म्हनलं की! आरं रडका मायनर कशाला लावतूस, लगीन हाय!" मांडवातली पोरं खो-खो हसायला लागली. गाणं ओळखू येईना. मीही ते ओळखलं नसतं. दाजी फोन कानाला लावून फाट्याच्या दिशेनं चालायला लागले होते. भाचीनं मान खाली घातली, आणि मला कळलं की ती आता रडणार.

तेवढ्यात नवऱ्याची आत्या, चांगली धिप्पाड बाई, चपला घालायच्या बेतात होती ती मागं वळली. माझ्यासमोर हात नाचवून म्हणाली, "ओ पाव्हणं, गप बसा जरा! हळदीला गानं म्हनायला मानूस लागतंय, तार न्हाय लागत." आणि तिनं पाटाजवळ फतकल मारून खड्या आवाजात हळदीचं गाणं उचललं. मुलीच्या काकाचं, मामाचं नाव घालून. मामाच्या नावाला जरा जास्तच जोर होता आणि बायका तिथंच हसल्या. मग लोहाऱ्याकडच्या बायकांनी उत्तर दिलं. चपला घातलेल्या दोघी पुन्हा काढून बसल्या.

मी एक कॉर्ड लावून बघितला. बसला. बायकांच्या त्या गाण्याला दुसरा कॉर्ड लागतच नव्हता. मी तोच हाणत राहिलो, वर-खाली, वर-खाली. मध्ये एकदा माझ्यातला कलावंत जागा झाला आणि मी जरा थांबायचा विचार केला, तर मित्रानं समोरून असे डोळे वटारले की बोटं आपोआप चालू झाली. भाचीनं मान वर केली. दाजी फाट्याच्या वाटेवर अर्ध्यात थांबले, बराच वेळ ऐकत उभे राहिले आणि फोन खिशात घालून माघारी आले. डीजेचा टेम्पो फाट्यावरूनच माघारी गेला.

हळद आटोपल्यावर भाची माझ्याजवळ आली. गाल पिवळे, डोळे लाल. "मामा," ती म्हणाली, "माझा शब्द खाली पडला न्हाय. तुमचं मात्र काय खरं न्हाय."

आत्याबाई मागून बोलल्या, "पाव्हण्यास्नी नावं ठेवू नकं गं. शेवटी शेवटी वाजलं की बरं."

शेवटी शेवटी! एक कॉर्ड! मी मिटक्याचे सूर काढले तेव्हा यांना लाईट गेल्यासारखं वाटलं, आणि ज्याला पोट खाजवणं म्हणतात ते केलं तेव्हा बरं वाटलं. या लोकांच्या कानांबद्दल माझं मत आधीच वाईट होतं. त्या दिवशी ते पक्कं झालं. माझ्या हातांबद्दलचं मतही थोडं खाली आलं, पण ते मी मित्राला सांगितलेलं नाही.

लग्न झालं. महिनाभरानं भाचीच्या सासरी सत्यनारायण होता. पूजेनंतर जरा गाणी व्हावीत, डीजे नको, गिटार असावी, असं तिच्या सासरच्यांनीच सुचवलं. तिनं लगेच येरमाळ्याला फोन केला. मित्राला.

तो गेला. त्याला येतात ती सगळी गाणी त्यानं वाजवली, चार कॉर्डांत, आणि भूमच्या लोकांना ती फार आवडली. यावरून काय ते समजा.